ताईचे पैसे आधी

वकीलबाईंच्या समोरच्या खुर्चीत बसण्याआधी कुशनवाल्यांनी सवयीने बैठक दाबून पाहिली. स्पंज पार बसला होता. दिवाळखोरीच्या सल्ल्यासाठी येणारी माणसं या खुर्चीत किती जड होऊन बसत असतील ते पाहता, त्यात स्पंजचा दोष काढण्यासारखं काही नव्हतं.

कुशनवाले हे काही त्यांचं नाव नव्हे; पण सोफे-खुर्च्या मढवण्यात हयात गेली, त्यात नाव कुठेतरी मागे पडलं. हात सफाईदार, व्यवहारज्ञान बेताचं. एका सिनेमागृहाच्या सगळ्या खुर्च्या लाल मखमलीने मढवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. कापड उधारीवर उचललं, बँकेचं कर्ज काढलं, ते पुरेना म्हणून दुसऱ्या बँकेचं काढलं, आणि तेही पुरेना तेव्हा थोरल्या बहिणीकडे गेले. ताईने काही न विचारता ठेव मोडून दिली. सिनेमागृह उघडलंच नाही. मालक कुठे गेला हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं; निदान ती तसं सांगत असे.

बँकांच्या फोनचं कुशनवाल्यांना फारसं काही वाटत नसे. वसुलीची मुलं दर महिन्याला बदलत, एकाशीही ओळख वाढत नसे. जीव तुटायचा तो ताईच्या स्वयंपाकघरासाठी. पूर्वी दर बुधवारी दुपारी ते तिथे जाऊन बसत. ताई चहा पुढे सरकवायची आणि पेपरातल्या निधनवार्ता मोठ्याने वाचायची, शेऱ्यांसकट. “हा गेला. माझी शिडी अजून याच्याकडेच आहे.” यापलीकडे त्या दुपारींत काही घडत नसे. पण तिचे पैसे बुडाल्यापासून कुशनवाल्यांचं पाऊल तिकडे वळेना. तीन वर्षं ते बुधवारी संध्याकाळी नुसतं तिच्या गल्लीवरून जात, खिडकीतला दिवा लागलाय का बघत आणि काही काम असल्यासारखं पुढे निघून जात.

शेवटी त्यांनी शिलाईचं मोठं मशीन विकलं. आलेली रक्कम एका दमात ताईच्या खात्यावर टाकली आणि तिच्या फोनची वाट पाहत बसले. फोन आला नाही. मग शेजारचा वायरमन म्हणाला, “लाज वाटत असेल तर टोपी घालून जा, पण वकिलाकडे जा.” म्हणून आज ते आले होते.

“मशीनचे सगळे पैसे ताईला दिले,” सगळी हकिगत सांगून कुशनवाले म्हणाले. “तेवढं एक काम मी चोख केलं.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. “कधी?”

“मागच्या महिन्यात. म्हटलं, आधी घरचं निस्तरावं, मग दिवाळं काढावं.”

“इथेच सगळे चुकतात, काका. आणि चांगली माणसं हटकून चुकतात. कायद्याच्या रांगेत तुमची ताई आणि बँक बरोबरीने उभ्या आहेत. तुम्ही एकीला हळूच पुढे घेतलंत. कोर्ट ते पैसे ताईंकडून परत मागू शकतं.”

“ताईकडून?”

“ताईंकडून. आणि मशीन विकायचं नव्हतं हो. पोटापाण्याचं साधन बऱ्याचदा ठेवू देतात. आधी आला असतात तर सांगितलं असतं.”

कुशनवाले खुर्चीतून थोडे पुढे सरकले. मग म्हणाले, “समजा, मशीनचं आपण बोललोच नाही तर?”

“तुम्ही हे आत्ता बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही. आज ती चूक आहे, लपवलीत तर गुन्हा होईल. मागतीलच असं नाही. मागितले तर हप्ते बांधून घेता येतील. पण कोर्टाचा कागद त्यांच्या दारात जाण्याआधी तुम्ही जा.”

ज्या घरी ताठ मानेने जायचं म्हणून मशीन विकलं, त्या घरी आता हे सांगायला जायचं होतं. कुशनवाले त्याच दुपारी गेले.

ताईने दार उघडलं. “ये. पावती न्यायला आलास का?”

स्वयंपाकघरात टेबल आता खिडकीपासून लांब होतं, पडदे नवे होते. कुठे बसावं ते त्यांना कळेना, म्हणून उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं.

“ते पैसे आता माझ्या तोंडात आहेत,” सगळं ऐकून ताई म्हणाली. वरची दातांची अख्खी ओळ नवी होती. “कोर्टाला म्हणावं, या, मी आ करते.”

“ताई, चेष्टा नाही ही.”

“चेष्टा तू केलीस, ठोंब्या. फोनवर बँकेचा मेसेज आला, तू नाही आलास. मला वाटलं, बहिणीचा हिशोब मिटवला आणि सुटला.”

“मी तुझ्या फोनची वाट बघत होतो.”

“मी कशाला करू? मिळाले, आभारी आहे, म्हणायला? परत येतील म्हणून दिलेच नव्हते मी ते. तुझ्या तोंडाकडे बघून दिले. तर ते तोंडच दिसेनासं झालं.”

कुशनवाल्यांनी जवळची खुर्ची ओढली. ते बसले. ताई चहाचं आधण ठेवायला वळली तेव्हा तिचे केस मागून दिसले. पार पांढरे. हे पांढरे होताना थोडेथोडे बघायला मिळायला हवे होते. आता एकदम बघावे लागले. ही थकबाकी कुठल्या कोर्टात मांडता येणार नव्हती.

“काय बघतोस?”

“काही नाही.”

“त्या वकीलबाईकडे परत कधी जायचंय?”

“सोमवारी.”

“मी येते. दातांची बिलं घेऊन येते, तिला काय ते बघू दे. तू सकाळी इकडेच ये, चहा घेऊन निघू.”

कुशनवाल्यांनी मान हलवली. कप रिकामा झाला तरी तो हातात धरून ते बसून राहिले. आज गुरुवार होता. सोमवार अजून फार लांब होता.