माहितीदार क्रमांक चाळीस

माझी आत्या वेदवती टेलिफोन खात्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली आणि दुसऱ्याच महिन्यात तिनं मानवशास्त्राच्या एम.ए.चा फॉर्म भरला. हे चौऱ्याण्णव सालचं. म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या आमच्या रस्त्यावर निवृत्त झालेल्या बायका भजनाला तरी जात, नाहीतर अमेरिकेत नातवंडं सांभाळायला. आत्या डब्यात चित्रान्न भरून सिटी बसनं विद्यापीठात जाऊ लागली.

"हे काय खूळ?" मी विचारलं.

"चौतीस वर्षं लोकांचे कॉल जोडून दिले," ती म्हणाली. "ऐकायची परवानगी नव्हती. आता सगळं ऐकणार."

पहिल्या वर्षी पुरातत्त्वाचा पेपर होता. विभागाच्या मागं सरावासाठी एक चौकोनी खड्डा होता. त्यात दर मे महिन्यात अनंतकृष्णसर स्वतः खापरं पुरून ठेवत आणि ऑगस्टात विद्यार्थी ती शोधून काढत. आत्या साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून खड्ड्यात उतरली. तिसऱ्या थरात तिच्या हाताला एक तुकडा लागला. सगळे धावत आले. आत्यानं तो उन्हात धरला.

"ही लोणच्याची बरणी. माझ्याकडं अशीच आहे."

सर ओशाळले. त्या वर्षी खापरं कमी पडली म्हणून त्यांच्या बायकोनं घरातली फुटकी बरणी दिली होती. पण नियम तो नियम. आत्यानं तुकड्याचं रेखाचित्र काढलं, जाडी मोजली आणि काळाच्या रकान्यात लिहिलं, 'अंदाजे एकोणीसशे ऐंशी'. तिला दहापैकी दहा गुण मिळाले.

दुसऱ्या वर्षी प्रबंध आला. विषय तिनंच निवडला: म्हैसूरच्या मराठी बोलणाऱ्या घरांतली मामा-भाचीची लग्नं. आमच्याकडं ही लग्नं पूर्वी सर्रास होत. आत्याचंही तसंच झालं. अठ्ठावन्न साली तिचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी, तिरुमलरावांशी लावून दिलं. म्हणजे तिच्या आईचा, माझ्या आजी सीतालक्ष्मीचा, धाकटा भाऊ. त्यामुळं आजी ही आत्याची आई, आणि नवऱ्याची बहीण म्हणून नणंदसुद्धा. आत्याचा मुलगा जयतीर्थ तिचा मामेभाऊ लागतो. आम्हाला यात विशेष काही वाटत नसे.

चाळीस बायकांच्या मुलाखती हव्या होत्या. आत्यानं जयलक्ष्मीपुरमपासून पार हेब्बाळपर्यंत वणवण करून एकोणचाळीस मिळवल्या. चाळिसावी बाई ऐन वेळी मुलीकडं शिकागोला निघून गेली. मुदत संपत आली होती.

"सर, मी स्वतः चालेन?" आत्यानं विचारलं.

अनंतकृष्णसरांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. "चालणार नाही असं कुठं लिहिलेलं नाही, अम्मा. पण मुलाखत पूर्ण घ्यायची. सुम्मने, उगीच आठवून लिहायचं नाही."

मग आत्यानं मुलाखत घेतली. जेवणाच्या टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला. एका खुर्चीत बसून प्रश्न वाचायचा, उठून समोरच्या खुर्चीत जाऊन उत्तर द्यायचं, परत यायचं. तिरुमलराव पेपर वाचायचं सोडून बघत बसले होते.

"अय्यो वेदा, गुडघे दुखतील. एकाच खुर्चीत बस की."

"मग टेपवर आवाज एकाच बाजूनं येईल."

तेविसाव्या प्रश्नापर्यंत सगळं सुरळीत झालं. 'लग्नाआधी तुमची संमती विचारली होती का?' आत्या समोरच्या खुर्चीत गेली आणि आधी टेपरेकॉर्डर सरळ केला.

"नाही," ती म्हणाली.

"मला पण कुणी विचारलं नव्हतं," पेपर पुन्हा तोंडासमोर धरत तिरुमलराव म्हणाले.

"मध्ये बोलू नका. तुम्ही माहितीदार नाही."

चोविसावा प्रश्न होता, 'पतीला काय म्हणून हाक मारता?' बाविसाव्या वर्षापर्यंत ती त्यांना मामा म्हणायची. लग्नाच्या दिवशी ते बंद झालं आणि त्याजागी दुसरं काही आलंच नाही. अडतीस वर्षं ती त्यांच्या दिशेनं बघून खाकरायची, किंवा बांगड्या वाजवायची. आत्यानं लिहिलं, 'उत्तर नाही.'

विभागाच्या कार्यालयात निराळंच संकट होतं. प्रत्येक मुलाखतीला माहितीदाराचं संमतिपत्र लागे. कारकून गुरुराजनं चाळिसावं संमतिपत्र उजेडाला धरलं.

"दोन्ही सह्या एकाच हातच्या दिसतात."

"एकाच हातच्या आहेत."

"मग साक्षीदार हवा."

आत्यानं सत्त्याहत्तर वर्षांच्या आजीला रिक्षात घालून आणलं. आजीनं कानडीत झोकात सही केली. त्याखाली दोन ओळी होत्या. साक्षीदाराचं माहितीदाराशी नातं: आत्यानं लिहिलं, 'आई'. साक्षीदाराचं संशोधकाशी नातं: पुन्हा 'आई' लिहिलं, तर गुरुराज म्हणाला, एकच बाई दोन्हीकडं आई म्हणून चालणार नाही, तपासणीत अडकेल.

"मग नणंद लिही," आजी म्हणाली. "ते पण खरंच आहे की."

गुरुराजचं समाधान झालं. त्यानं शिक्का मारला.

तोंडी परीक्षेला उत्तरेकडून एक परीक्षक आले होते. त्यांनी आत्याचा वंशवृक्ष आडवा धरला, उभा धरला.

"ही सीतालक्ष्मी दोन ठिकाणी जोडली आहे. रेघ चुकली."

"रेघ बरोबर आहे, सर."

"आणि क्रमांक चाळीस? ही बाई विश्वासार्ह वाटते तुम्हाला?"

आत्यानं खरोखर विचार केला. "बहुतेक वेळा. पण चोविसाव्या प्रश्नाला तिनं टाळाटाळ केली."

"मग पुन्हा तिच्याकडं जा. आठ दिवस देतो. जरा विश्वासात घ्या तिला."

अनंतकृष्णसर खिडकीबाहेर बघत राहिले.

आत्या घरी आली. तिरुमलराव अवरेकाळूच्या शेंगा सोलत होते. तिनं टेप लावली आणि खुर्ची न बदलता विचारलं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

"कोण विचारतंय? मुलाखत घेणारी का देणारी?"

"मी विचारतेय."

त्यांनी शेंगांची पाटी बाजूला ठेवली. "ऑफिसात सगळे तिरुमल म्हणायचे. मला आवडायचं."

"तिरुमल," आत्या म्हणाली. आणि दोघांना हसू फुटलं. मी ती टेप ऐकलीय. चाळीस सेकंद नुसतं हसणं आहे, मग आतल्या खोलीतून आजीचा आवाज येतो, "काय झालं? कुणी मला सांगाल का?"

प्रबंधात सुधारित उत्तर गेलं: 'प्रयत्न चालू आहेत.' परीक्षकांनी ते मान्य केलं. आत्या दुसऱ्या वर्गात पास झाली.

त्या डिसेंबरात विभागाचं खरंखुरं उत्खनन निघालं, कावेरीकाठच्या एका गावात. आत्या महिनाभर तंबूत राहायला गेली. तिरुमलराव मला रोज सकाळी फोन करून विचारायचे, कुकरला डाळीच्या किती शिट्ट्या काढायच्या.