वाटूर: पायाळूचा पाय आणि गयाबाईंचं बोट

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. पाठीत किंवा कंबरेत अचानक कळ धरते तिला आमच्याकडे उसण भरली म्हणतात, आणि पायाळू माणसाचा पाय लागला की ती उतरते असं मानतात. लहानपणी सुट्टीत वाटूरला मावशीकडे गेले की ओसरीवर लोक पालथे पडायचे. मी एकेकाच्या पाठीला हलकी लाथ मारायची आणि मूठभर शेंगदाणे मिळवायची. दोन वर्षांपूर्वी याच ब्लॉगवर मी त्याची गंमत लिहिली होती. माझ्या सगळ्या लेखांत तोच सर्वांत जास्त वाचला गेला. आजचा लेख ही त्याची दुरुस्ती आहे. मी तो चिडून लिहिते आहे, हेही आधीच सांगते.

जानेवारीत मावशीचा फोन आला. "कधी येऊन राह्यली तू? दोन महिने झाले कंबर धरून. तुझा पाय लागल्याबिगर ही उसण जायची न्हाई."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"उसणीला कशाला डॉक्टर, माय?"

मावशी बहात्तर वर्षांची आहे. दोन महिने ती माझ्या पायाची वाट पाहत होती. मी ऑफिसात रजा टाकली आणि शुक्रवारी सकाळी निघाले.

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याला एसटी सतत असतात आणि बायकांना तिकीट अर्धं. जालन्याच्या स्टँडबाहेर पोहे खाल्ले, मोसंबीचा रस घेतला. मोसंबी इथलीच, त्यामुळे साखर नको म्हणून सांगा. पुढे मंठ्याकडे जाणारी गाडी वाटूरला सोडते. घाई नसेल तर दीड तास धरा. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली होती. माझ्या पुढच्या सीटवरच्या आजीजवळ कणसांचं पोतं होतं.

"पोत्याचं तिकीट लागंन, आजी," कंडक्टर म्हणाला.

"हुरडा हाय. खाशीन का?"

"खाईन की."

"मंग खाण्याचं तिकीट मागतो का, बाबा?"

सगळी गाडी हसली. मीही हसले. ते या प्रवासातलं माझं शेवटचं मनमोकळं हसणं.

मावशीच्या घरी पोचले तर ती ओसरीवर गोधडी टाकून पालथी पडलेलीच होती. शेजारच्या दोन बायका बघायला बसल्या होत्या. मावसभाऊ सुभाष म्हणाला, "ताई, चहा नंतर घे. आधी ते उरकून टाक."

मी मावशीला कुशीवर व्हायला सांगितलं. एवढ्यासाठी तिला श्वास रोखून धरावा लागला. कसं झालं विचारलं, तर म्हणाली, घागर उचलली अन् कट्कन झालं. मला एकदम गयाबाई आठवल्या. गावात बाळंतिणीला आणि बाळाला चोळायला त्याच जातात. मावशीचे हातपायही त्या गेली कित्येक वर्षं सोमवारी आणि गुरुवारी चोळतात.

"गयाबाई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

सुभाषची बायको मीना म्हणाली, "दुसऱ्याच दिवशी आल्त्या. मणक्यावर बोट ठेवलं तर आत्याबाई ओरडल्या. त्यांनी हात काढून घेतला. म्हणल्या, हे मांसाचं दुखणं न्हाई, हाडाचं हाय. मी चोळणार न्हाई, जालन्याला नेऊन फोटो काढा."

"मग?" मी विचारलं.

"मालिशवाली ती," सुभाष म्हणाला. "काम टाळायचे बहाणे. तिचं ऐकून कुणी एक्स-रे काढायला जातंय का?"

त्या दिवसापासून गयाबाईंना बोलावणंच बंद झालं होतं.

मी बोलले, आणि फार बोलले. म्हातारपणी हाडं कशी ठिसूळ होतात ते सांगितलं, या घरात शिकलेली माणसं आहेत याची आठवण करून दिली. सुभाष मोबाइलमध्ये पाहत राहिला. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "नुस्ता टेकव गं. मंग म्हणशील तिथं येते. पर दोन महिने वाट पाहायला लावून अशी नको करू."

इथं मला प्रामाणिक राहायला हवं. मी चप्पल काढली. पाय उचललाही. नुसता स्पर्श, भार न देता, त्यानं काय बिघडणार? ती दवाखान्यात तरी येईल. पण पुढं बरं वाटलं की ती सगळ्या गावाला माझा पायच सांगणार, आणि पुढची बाई तीन महिने वाट पाहणार. मी पाय खाली घेतला. हे मी तिच्या भल्यासाठी केलं की माझं खरं करण्यासाठी, ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. मीनाला म्हटलं, गयाबाईंना बोलावून आण.

गयाबाई आल्या, पण ओसरीवर चढल्या नाहीत. खालीच उभं राहून त्यांनी मावशीकडे बराच वेळ पाहिलं.

"काकू, पायाळूचा पाय उसणीला असतो," त्या म्हणाल्या. "मोडल्या हाडाला कुणी पाय लावतं का? या ताईला पाप लागंन."

मावशी म्हणाली, "हे आधी का न्हाई सांगितलं, गया?"

"सांगितल्तं. तुम्ही म्हणल्या, गया, जल्दी घरला जा."

शेजारणी पदरात तोंड घालून हसल्या. मावशीला हसताना कळ आली. "ने बाई," ती मला म्हणाली, "ने कुठं न्यायचं तिथं."

शनिवारी जीप ठरवली. मागच्या सीटवर मावशीला आडवं केलं आणि ड्रायव्हरला प्रत्येक गतिरोधकाला गाडी जवळजवळ थांबवायला लावलं. जालन्याच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. कंबरेच्या वरचा एक मणका दबून पाचरीसारखा झाला होता. पट्टा, औषधं, काही आठवडे जपून वागणं. यावर जोर पडला असता तर पाय गेले असते का, असं मी विचारलं. "पडला नाही ना? मग राहू द्या," ते म्हणाले. पाठीला सध्या मालिश नाही. हातापायांना हलकी चालेल, चांगलीच आहे, असंही म्हणाले.

परतताना सुभाष म्हणाला, "डॉक्टर हुशार हाय. बराबर ओळखलं."

"गयाबाईंनी एका बोटानं ओळखलं होतं," मी म्हटलं. तो खिडकीतून ज्वारी पाहू लागला.

रविवारी सकाळी मी गयाबाईंच्या घरी गेले. माझा उजवा खांदा कम्प्युटरपुढे बसून वर्षभर आखडलेला आहे. त्यांनी आधी विचारलं, ताप आहे का, कुठं सूज आहे का, जेवून किती वेळ झाला. करडईचं तेल कोमट केलं आणि आधी स्वतःच्या मनगटावर टाकून पाहिलं. मग अर्धा तास त्यांनी खांदा चोळला. खांदा बरा झाला असं मी म्हणणार नाही. पण हात डोक्यामागं गेला, आणि परतीच्या गाडीत मी भर दुपारी गाढ झोपले.

"एकदा चोळून काही व्हत न्हाई, ताई," त्या म्हणाल्या होत्या. "हप्त्याला दोनदा. न्हाईतर अंग इसरतं."

मावशीचंही तेच होतं. नेमानं चोळून घेत होती तोवर तिचे गुडघे वाकत होते, झोप लागत होती. पण मला मालिशीपेक्षा जास्त मोलाचं वाटलं ते त्यांनी ज्या दिवशी चोळायला नकार दिला तो दिवस. त्या नकारात त्यांची आठवड्यातल्या दोन दिवसांची हक्काची कमाई गेली आणि कामचुकार हे नाव मिळालं. आणि मी? माझ्या त्या गाजलेल्या लेखात लाथेवर चार परिच्छेद होते. त्याच ओसरीवर आठवड्यातून दोनदा तेलाची वाटी घेऊन येणाऱ्या या बाईवर एक ओळही नव्हती.

घरी येऊन त्या लेखाच्या डोक्यावर टीप टाकली: पाठ धरली तर पायाळूला शोधू नका. तुम्हाला वाटूरला जायचं असेल तर जरूर जा, जानेवारीतच जा, येसरची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, आमटी आणि भाकरी खा. आणि गावात अंग चोळणारी जी बाई असेल तिचं ऐका, ती नाही म्हणाली तर आधी ऐका.

मावशी आता पट्टा लावून अंगणापर्यंत चालते. गयाबाई पुन्हा सोमवार-गुरुवार येतात, फक्त हातपाय चोळतात. मला वाटलं होतं, निदान त्या घरात तरी काहीतरी बदललं.

परवा सुभाषचा फोन आला. त्याची मान आखडली आहे, होळीला पाय लावायला येशील का म्हणाला.

"आज गुरुवार, गयाबाई तुझ्याच घरी आल्या असतील. त्यांना दाखव."

"तिला काय दाखवायचं, ताई," तो म्हणाला, "ती तर कायम इथंच असते."