कारभाऱ्याची पांढरी काठी

थॉर्नहोल्मच्या गढीत मुख्य कारभाऱ्याच्या हाती पांढरी काठी असे. ती जिकडे वळेल तिकडे पाहुण्याने मुकाट बसायचं, मग तो कितीही मोठा असो. हॅमनने ही काठी एकतीस वर्षं मिरवली, पण कुणाच्या मानपानात कधी चूक होऊ दिली नाही.

दोन हिवाळ्यांपासून मात्र त्याच्या डोळ्यांपुढे नुसतं धुकं होतं. हे कुणाला कळलं की काठी जाणार, आणि काठी गेली की हॅमन उरतो कुठे? ना बायको, ना मुलं. म्हणून दारात कुणी आलं की तो आधीच विचारी, "या या, प्रवास कसा झाला?" आणि आवाजावरून माणूस ओळखी. लबाडीच ती, पण बिचाऱ्यावर रागवायचं तरी कसं?

ईस्टरआधीच्या गुरुवारी तेरा गरिबांना दिवाणखान्यात जेवू घालायची रीत होती. त्या दुपारी चिखलाने माखलेला एक अनवाणी माणूस आत आला.

"या या, प्रवास कसा झाला?"

उत्तर नाही. हॅमनला वाटलं, गरिबांपैकीच कुणीतरी.

"दातखीळ बसलीय का रे? जा, शेवटच्या बाकावर बस."

तो माणूस निमूटपणे तिथे जाऊन बसला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"घात केलात, कारभारी!" वाढपी गर्व्हेज त्याच्या कानाशी कुजबुजला. "मठाधिपती आहेत ते! ईस्टरपर्यंत मौन आणि अनवाणी चालायचं व्रत आहे त्यांचं."

हॅमनच्या पायांखालची जमीन सरकली. तेवढ्यात मालकीणबाई इडोनिया आपल्या उंच आसनावरून उठल्या आणि पेला घेऊन थेट त्या शेवटच्या बाकाशी गेल्या.

"सरका जरा, मलाही जागा द्या. आज मठाधिपतींना गरिबांत बसवा, असं मीच कारभाऱ्यांना सांगितलं होतं."

लोकांनी बाईंची वाहवा केली. हॅमनला तोंड लपवायला जागा सापडेना.

जेवणं उरकल्यावर तो बाईंपुढे गुडघे टेकून बसला आणि त्याने काठी पुढे केली. "मला दिसत नाही, बाईसाहेब."

"ठाऊक आहे. नाताळात मी माडीवरून जेवायला उतरले, तर तुम्ही मला विचारलंत, प्रवास कसा झाला!"

हॅमनला हसूही आलं आणि रडूही.

"नव्या कारभाऱ्याला नवी काठी कापून घेऊ," बाई म्हणाल्या. "ही तुम्हाला लागेल. आणि जेवायला रोज माझ्या शेजारी बसायचं."

हॅमन उठला. एकतीस वर्षं उंच धरलेली काठी त्याने पहिल्यांदाच जमिनीला टेकवली.