एका खुंट्यावर दोघी

सासूबाई माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर उभी असले तरी त्या माझ्या नवऱ्याला, कोणी नसेल तर भिंतीला सांगत, “हिला सांगा, चहा गार झालाय.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडी मी ‘ही’च राहिले.

खासगी बाजार या जुन्या मोहल्ल्यातलं घर सोडून आम्ही पडाव भागातल्या फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं होतं. सासूबाईंना सांगायचं तेवढं राहिलं होतं. “बाहेर कुठे तरी मोकळेपणी सांगू,” म्हणून नवऱ्याने शहराबाहेरच्या शेती-संग्रहालयात सहल काढली. तिथे जुनी शेती खरोखर करून दाखवतात. विहिरीवर मोट चालली होती, पगडीवाला माणूस बैल हाकत होता.

“बैल तेवढे खरे आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “जे सुटावं म्हणून आमच्या आयांनी नवस केले, ते तिकीट काढून बघायचं!” मग त्या माणसाकडे वळून, “भैया, पगडी बहुत साफ है तुम्हारी. काम कब करते हो?”

नवऱ्याचा धीर तिथेच संपला. पाणी आणतो म्हणून गेला तो आलाच नाही.

पुढे एका छपराखाली जातं होतं. तिथली बाई म्हणाली, “आओ अम्मा, दो जनी आमने-सामने बैठो.”

“मम्मी, तू पण बैठ ना आजीसमोर! फोटो मस्त आएगा,” माझी मुलगी ओरडली.

बसलो. एका खुंट्यावर दोघींचे हात, त्यांचा वर, माझा खाली. गहू घालायचं त्यांनी स्वतःकडेच ठेवलं आणि खुंटा असा ओढला की मी पुढे झुकले.

“जात्यावर गप्प बसणारी बाई मला खपत नाही,” त्या म्हणाल्या. “बोल. काय लपवताय दोघं?”

‘बोल.’ मला. मध्ये कोणी नव्हतं.

“आम्ही वेगळं राहणार आहोत. पुढच्या महिन्यात.”

जातं थांबलं नाही. “तुझाच हट्ट असणार.”

“घर त्यांनीच पाहिलंय.”

“मग सोड खुंटा.”

मी सोडला. त्या दोन्ही हातांनी एकट्याच फिरवत राहिल्या. गहू घालायला हात मोकळा नव्हता. दगडावर दगड घासत राहिला.

फ्लॅटमध्ये त्या कधी आल्या नाहीत. सणाला आम्ही जायचो, तेव्हा ‘हिला सांगा’ पुन्हा सुरू झालेलं असायचं.

गेल्या हिवाळ्यात, दवाखान्यातल्या त्यांच्या शेवटच्या दुपारी, मी त्यांचा हात धरून बसले होते. डोळे उघडून त्या नर्सला म्हणाल्या, “हिला सांगा, हात सोड म्हणावं.”

नर्सला मराठी येत नव्हती. तिने विचारलं, “क्या बोल रही हैं अम्मा?”

मी सांगितलं नाही. हातही सोडला नाही. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून त्या तो ओढत राहिल्या.