एक नळी रक्त आणि जीपभर भावकी

डॉक्टरबाईंनी एक नळी रक्त मागितलं होतं, मी जीपभर भावकी घेऊन गेलो.

दादाच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढून महिना झाला होता. कराडहून डॉक्टरबाईंचा फोन आला की रक्ताची तपासणी करायची आहे, सख्ख्या नात्यातल्यांनी या. आमच्या वडूजकडं दवाखान्यातनं रक्ताचा निरोप आला की माणसं विचारत बसत नाहीत, चपला घालतात. मी पारावर नुसता विषय काढला आणि सकाळी अकरा जण जीपपाशी हजर. त्यात एक चुलतभावाचा मेहुणा आणि दोघं फौजेतनं सुट्टीवर आलेले. रक्त द्यायचंय म्हणून वाटेत सगळ्यांना मीच उसाचा रस पाजला. मी स्वतः फक्त व्यवस्थापक. सुईचं नाव काढलं तरी मी दाराकडं सरकतो, हे गावाला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरबाईंनी ती गर्दी बघून कपाळाला हात लावला. शेजारी बसलेल्या दादानं मान डोलावल्यावर त्यांनी सगळ्यांनाच समजावलं. त्याच्या रक्तात जनुकाचा एक दोष सापडला होता, आईकडनं नाहीतर बापाकडनं येणारा. आमचे वडील, आबा, पोटाच्याच दुखण्यानं पन्नाशीच्या आत गेले. म्हणजे तो दोष माझ्यातही असायची शक्यता निम्मी. असला तर जन्मभर ठरावीक काळानं दुर्बिणीनं आतडं तपासत राहायचं, आणि पुढं माझ्या लेकीचंही रक्त बघायचं.

"रक्त चढवायचं नाहीये हो," त्या म्हणाल्या. "सख्खा भाऊ कोण?"

अकरा बोटं माझ्याकडं वळली. मी दाराशी सगळ्यांच्या पिशव्या धरून उभा.

दोन्ही फौजींनी माझे खांदे धरले. नळी भरली हे मला नंतर कळलं, कारण तोवर मी बाकावर आडवा झालो होतो आणि मेहुणा तोंडावर पाणी मारत होता.

अहवालाला तीन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत पोटात जरा गुरगुरलं की माझी नजर लेकीकडं जायची. बायको म्हणायची, आधी भजी कमी करा, मग घाबरा.

शेवटी आम्ही दोघं भाऊच गेलो. आधी दादाच्या गाठीचं बोलणं निघालं. ह्या दोषातनं आलेल्या गाठी शरीरातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींना सहज ओळखू येतात, म्हणून पुढं कधी गरज पडलीच, तर त्या पेशींना बळ देणारं औषध त्याला चांगलं लागू पडेल अशी डॉक्टरबाईंना आशा होती. दादा स्वतः लष्करातनं निवृत्त. तो म्हणाला, "म्हंजी दुश्मन वर्दी घालूनच फिरतोय. मग सोपं हाय."

मग माझा कागद. दोष नव्हता. माझ्यात नाही, म्हणजे माझ्याकडनं लेकीतही नाही. मी नुसता हसत बसलो.

दादानं तो कागद उलटसुलट करून बघितला आणि डॉक्टरबाईंकडं सरकवला.

"आबांचं ह्याच्यात काय बी आलं न्हाई, बाई. अकलेचं तर आमाला तपासणी न करताच कळलं हुतं."