पुरे म्हणजे पुरे

माझा नवरा कोल्हापूरचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या घरात जे झालं त्यात अर्धा दोष कोल्हापूरचा आहे आणि अर्धा एका बिस्किटाचा.

साल दोन हजार सहा. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आम्ही दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, लग्नाला दीड वर्ष झालेलं. माझे वडील जालन्याला एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. घरात येणारा प्रत्येक कागद लहानपणापासून मलाच वाचावा लागला, खालच्या बारीक अक्षरांसकट. त्यामुळे एका रविवारी चहा पिता पिता, कान लाल करून, नवऱ्याने सांगितलं की त्याला बांधायचा खेळ आवडतो, म्हणजे दोरीने, म्हणजे माणसाला, म्हणजे जमलं तर मला, तेव्हा मी एवढंच विचारलं, "नियम काय आहेत?"

बिचारा मी किंचाळेन या तयारीने बसला होता. नियमांची तयारी त्याने केली नव्हती.

ते शिकायला आम्ही असल्या आवडीच्या लोकांच्या बैठकीला गेलो. बैठक म्हणजे कॉफीच्या दुकानात सकाळी दहा-बारा माणसं मफिन खात बसलेली. मला वाटलं होतं काळे चामड्याचे कपडे वगैरे असतील. आमच्याशी बोलायला आलेल्या बाईंच्या अंगात हाताने विणलेला स्वेटर होता. निवृत्त नर्स होत्या त्या. म्हणाल्या, आधी एक शब्द ठरवा. बांधलेल्या माणसाने तो उच्चारला की सगळं तिथल्या तिथे थांबायला हवं. एरवी तोंडात येत नाही असा घ्या, एखाद्या भाजीचं नाव घ्या.

नवरा मला कोपराने ढोसून मराठीत म्हणाला, "भोपळा घेऊ या."

"आमचा शब्द 'पुरे'," मी बाईंना सांगितलं. त्यांनी अर्थ विचारला. "पुरे म्हणजे पुरे."

मला थांबायचं असेल तर मी भोपळा का म्हणू? माझ्या सरळ शब्दाला सोंग का घ्यायला लावायचं? मला ते पटेना. एक शब्द सांगायचा आणि समोरच्याने तो ऐकायचा, यात अवघड ते काय?

गांजा घरात आला तो माझ्या अर्धशिशीमुळे. डॉक्टरची चिठ्ठी होती. राज्याचा कायदा चालवून घेत होता, देशाचा नव्हता, आणि आमचे ग्रीन कार्डाचे कागद अजून अडकलेले. म्हणून तो विषय आम्ही उंबऱ्याबाहेर नेला नाही. दोन झुरक्यांनी ठणका उतरायचा आणि खांदे सैल पडायचे. सैल खांद्यांना दोरी बरी वाटते, हा शोध मी स्वतः लावला. काही महिने सगळं छान चाललं.

मग एका शनिवारी दुपारी झुरक्याऐवजी गांजा घातलेलं बिस्कीट आलं. मी चतकोर खाल्लं. पाऊण तास झाला तरी काही नाही.

"अगं, एवढ्याशाने काय होतंय? घे अजून."

"नको."

"हा एवढासा तुकडा. माझ्यासाठी."

घेतला. आणि मी एकटी खाते हे बरं दिसत नाही म्हणून त्यानेही एक तोंडात टाकला. कोल्हापुरात पाहुण्याला एकट्याने जेवू देत नाहीत.

त्याने बांधायला घेतलं. त्याचं काम सुबक. वेढ्याला वेढा चिकटून बसतो. अर्धं झालं असेल नसेल, आणि आधीचा तुकडा न् नंतरचा तुकडा हातात हात घालून चढले. फ्रिजची घरघर उठून माझ्याजवळ येऊन बसली. डाव्या हाताची करंगळी कुठे आहे ते मला कळेना. मी म्हणाले, "पुरे."

"हा एवढा एक वेढा," तो म्हणाला.

सूर थेट सासूबाईंचा. ही एवढी एक पोळी. हा एवढा पळीभर रस्सा. त्यांच्या पंक्तीत ताटावर दोन्ही हात आडवे धरले तर बोटांवर वाढतात. नवऱ्याची बोटं फिरत राहिली.

"पुरे म्हटलं ना!"

तेव्हा थांबला. पण आता बोटं त्याचीही राहिली नव्हती, गाठ सुटेना. कात्री स्वयंपाकघरात, कोथिंबिरीच्या जुडीखाली. ती आणायला गेला आणि फ्रिज उघडून, आपण इथे कशाला आलो होतो, याचा विचार करत उभा राहिला. हे मी त्याला अजून ऐकवते.

करंगळी दहा मिनिटांत परत आली. मी मात्र बराच वेळ रडले. करंगळीसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी डोकी जागेवर आल्यावर बोललो.

"तू म्हणालीस ते मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "पण खरं वाटलं नाही."

"मग खरं केव्हा वाटतं?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "तिसऱ्यांदा."

"पुणेकराशी लग्न केलं असतं तर पहिल्या 'नको'ला थांबला असता."

"पुणेकराने तुला दुसरा तुकडा दिलाच नसता."

मी हसले. हसायला नको होतं. मग मी दोरीची गुंडाळी केली आणि कपाटात वर ठेवली. माझं पहिलं 'पुरे' तुला पहिल्याच वेळी ऐकू येईपर्यंत ती तिथेच राहील, असं सांगितलं.

"त्यापेक्षा भोपळा घेऊ ना," तो काकुळतीला आला.

"नाही." भोपळ्याला तो लगेच थांबला असता, मला माहीत होतं. पण मग माझं 'पुरे' तसंच राहिलं असतं, तिसऱ्यांदा खरं वाटणारं. आणि मला या माणसाबरोबर फक्त शनिवार काढायचे नव्हते.

नर्सबाईंना आम्ही जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "दोरी कुणाच्या हातात होती, आणि त्याने काय खाल्लं होतं?" नवरा मफिनकडे बघत राहिला. त्या म्हणाल्या, खाल्लेला गांजा सावकाश येतो, कधी दोन-दोन तास लावतो, म्हणून चढला नाही असं वाटलं तरी वर आणखी घ्यायचा नाही. ज्याच्या हातात दोरी त्याने अजिबात घ्यायचा नाही. काय काय करायचं ते आधी, शुद्धीत ठरवायचं आणि चढल्यावर त्यात नवं काही घालायचं नाही, कारण त्या वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. तसल्या होकाराला होकार म्हणायचं नाही. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. नवऱ्यालाही उतरवायला लावलं, सुवाच्य अक्षरात.

पण पुरे ऐकण्याचा सराव वहीत होत नाही. तो जेवणाच्या टेबलावर झाला. मी पुरे म्हटलं की वाढायचा डाव जिथे असेल तिथे थांबवायचा. पहिल्या आठवड्यात त्याने रोज आमटी जास्त वाढली. "सवय आहे गं हाताला." दुसऱ्या आठवड्यात डाव थांबायचा, पण तोंडाने "नक्की?" यायचं. तेही नको, मी म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम अर्धपोटी असताना पुरे म्हणाले, तो मुकाट्याने भांडं घेऊन गेला, आणि मला उठून स्वतःच्या हाताने भात घ्यावा लागला. असा माझाही सराव झाला.

पाडव्याला सनीव्हेलच्या एका काकूंकडे जेवायला वीसेक माणसं होती. काकू श्रीखंडाचं पातेलं घेऊन माझ्यापाशी आल्या. मी ताटावर हात धरला. "पुरे, काकू."

"अगं, माझ्या हातचं आहे." चमचा खाली येऊ लागला.

नवऱ्याने मधे आपला हात घातला. "काकू, ती पुरे म्हणाली."

"अरे, बायका असंच म्हणतात."

"ही नाही म्हणत."

चमचा हवेत राहिला. श्रीखंडाचा एक थेंब त्याच्या मनगटावर पडला. मग काकूंनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "बायकोच्या फारच धाकात आहे हो हा!"

मी पुरीत तोंड लपवलं. परत येताना फ्रीवेवर तो "धाकात, धाकात" म्हणत इतका हसायला लागला की पहिल्या एक्झिटला मी त्याला गाडी बाहेर काढायला लावली. घरी आल्यावर मी स्टूल घेतलं आणि कपाट उघडलं.

पुढच्या शनिवारी काय होणार आणि काय नाही, हे सकाळी पोह्यांवर ठरलं. दुपारी मी दोन झुरके घेतले आणि वीस मिनिटं बसून राहिले. त्याने चहा घेतला. कात्री त्याच्या गुडघ्याशी. जीभ जड होऊन पुरे म्हणता आलं नाही तर खणकन खाली टाकायला माझ्या मुठीत स्टीलचा चमचा. वेढे मनगटापासून वर चढत गेले. खांदे सैल, खिडकीत ऊन, आणि मला सगळं अगदी हवं तसं चाललं होतं.

"पुरे," मी म्हणाले.

त्याचे हात जागच्या जागी थांबले. 'एवढा एक' नाही, 'नक्की?' नाही. दोन मिनिटांत सगळी दोरी जमिनीवर, न कापता. "हात? करंगळी? पाणी देऊ?"

मी सावकाश नाक खाजवलं.

"नाकासाठी?" तो ओरडला. "एवढं सगळं बांधलेलं, नाकासाठी?"

"कारण विचारायचं नाही असं सकाळी ठरलंय."

तो दोरीच्या ढिगात बसून गार चहा प्यायला लागला, तोंड वाकडं करून. नाक खरंच खाजत होतं. पण खाजलं नसतं, तरी त्या दुपारी केव्हातरी मी पुरे म्हणालेच असते.