पाना ठेव, हौसा

हौसा भोईर गाडी चालवायला शिकली तेव्हा तिचे निम्म्याहून जास्त केस पांढरे झाले होते. हौस म्हणून ती शिकली नाही. नवऱ्याच्या, दौलतच्या, दोन्ही किडन्या साखरेने खाल्ल्या होत्या. आठवड्यातून तीनदा त्याला ठाण्याला डायलिसिसला न्यावं लागायचं, कारण भिवंडीतल्या सेंटरात जागा मिळाली नव्हती. मुलगा देवेश विमानतळावर शिफ्टमध्ये कामाला, बिऱ्हाड ऐरोलीला. पुतण्या प्रितेश शेजारच्याच घरात राहायचा. सुरुवातीला तो हौसेने घेऊन गेला, मग त्याला गोदामांवर कामं निघायला लागली, आणि पुढे पुढे तर त्याचा फोनच लागेना. पगारी ड्रायव्हर ठेवून पाहिले. दौलतच्या तोंडापुढे एकही टिकला नाही.

दौलत म्हणजे शेलार गावातला एकेकाळचा वजनदार माणूस. शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली तेव्हा त्याने पांढरी मोठी गाडी घेतली. कुणाच्याही हळदीला ती गाडी मांडवाच्या तोंडाशीच लागायची. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, गळ्यात साखळी, एका हाताने स्टिअरिंग आणि दुसरा हात खिडकीबाहेर. लोक त्याला दौलतशेठ म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. आजारात नजर अधू झाली, डाव्या पायाची बोटं कापावी लागली, अंगावर सूज राहू लागली. तरी डायलिसिसला जाताना तो इस्त्रीचेच कपडे घालायचा.

हौसाने शहरातल्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. बरोबर सगळ्या कॉलेजच्या पोरी. दौलतने आधी टिंगल केली, की स्मशानाचा रस्ता दिसायला लागल्यावर बाईला चाक धरायची हौस आलीय. पण लायसन आलं त्या आठवड्यात तो मुकाट्याने तिच्या शेजारी बसला, आणि पुढची काही वर्षं तसाच बसत राहिला.

गाडीची देखभाल तिला रईसभाईने शिकवली. त्याचं अंजूरफाट्याला गॅरेज होतं. गाडी घेऊन आलेल्या बाईला तो आधी खुर्ची द्यायचा. हौसाने खुर्ची घेतली नाही, ती बॉनेटजवळच उभी राहिली. त्याला ते आवडलं असावं. म्हणाला, "भाभी, एक बार हाथ से कर लो. फिर रास्ते में किसी का मुँह नहीं देखना पड़ेगा."

इंजिन गार असताना ऑइलची पट्टी कशी पुसून बघायची, कूलंटचं झाकण गरम असताना का उघडायचं नाही, टायरची नक्षी किती झिजली की टायर बदलायचा, हे सगळं ती शिकली. जॅक लावायच्या आधीच नट ढिले करायचे, चाक हवेत गेलं की ते नुसतं फिरत राहतं. गाडीखाली जॅक असताना आत माणूस बसलेला चालत नाही. नट घट्ट करताना एकाच्या समोरचा दुसरा, असं आवळत जायचं. तिच्या हातात तेवढा जोर नव्हता, म्हणून ती पान्याच्या दांड्यावर पाय देऊन उभी राहायची आणि अंगाच्या वजनाने नट सोडवायची. स्टिअरिंगखालचा फ्यूजचा डबाही त्याने तिला दाखवला. "जितने का निकला, उतने का ही डालना," त्याने बजावलं. "बड़ा डालोगे तो फ्यूज नहीं, वायर जलेगा."

त्या शिकवणीचा उपयोग पहिल्याच पावसाळ्यात झाला. श्रावण चालू होता. कशेळीच्या पुलावर धो धो पावसात वायपर बंद पडले. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, काचेवर नुसतं पाणी. हौसाने कशीबशी गाडी पुलापलीकडे काढून कडेला घेतली. डब्याच्या झाकणावरच्या चित्रात वायपरचा फ्यूज शोधला, चिमट्याने ओढून काढला आणि मोबाईलच्या उजेडात धरला. आतली तार तुटली होती. तसाच निळा फ्यूज तिने पर्समधल्या पुडीतून काढून बसवला, आणि वायपर फिरू लागले. त्या संध्याकाळी त्याला बघायला चार माणसं आली होती. हौसा चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तो त्यांना सांगत होता, "मी एकेक सांगत गेलो, तशी ती लावत गेली."

तिला त्या दिवशी राग आला नव्हता. आजारी माणूस आहे, तेवढंच समाधान, असं तिने मनात म्हटलं आणि कप पुढे केले.

पुढे बाळकुमजवळ टायर पंक्चर झाला. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. डिकीतलं प्लास्टिकचं स्टूल काढून तिने दौलतला आधार देऊन खाली उतरवलं आणि सावलीत बसवलं. तो रस्त्याकडे पाठ करून, तोंडावर रुमाल धरून बसला. हौसाने पदर खोचला, चाकामागे दगड लावला आणि टायर बदलला. कुठल्यातरी बाईकवाल्याने मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला होता. दोन दिवसांत तो शेलारच्या ग्रुपवर येऊन पोचला. खाली लोकांनी टाळ्या टाकल्या, हसणारी तोंडंही टाकली. एकाने लिहिलं, वहिनी टायरखाली आणि शेठ स्टुलावर.

दौलतला मोबाईलवरचं नीट दिसत नव्हतं. प्रितेशनेच त्याला ते वाचून दाखवलं. त्यानंतर दौलतने तिला सांगून ठेवलं, की गाडी हाकायची ती हाक, पण यापुढे माणसांत पाना हातात धरायचा नाही. ती म्हणाली, मग टायर कोण बदलणार. तो म्हणाला, "आपल्या घरात मानसं हायेत. मेली न्हायत."

हौसाने वाद घातला नाही. रस्त्यात तशी वेळच येऊ नये म्हणून ती जास्त काळजी घेऊ लागली. दर रविवारी हवा तपासायची, बोटाने टायरची नक्षी चाचपायची. मागच्या डाव्या टायरला फुगवटा आलेला तिला दिसला होता. तिने देवेशला सांगितलं, टायर बदलायला हवा. त्याने प्रितेशवर सोपवलं. प्रितेश म्हणाला, काकी, अजून खूप चालेल.

त्याच सुमारास भावकीत भूपेशच्या मुलीची, सुकन्याची, हळद होती. दौलतने त्या दिवशीचं डायलिसिस बुडवलं. हळदीला गेलो नाही तर लोक समजतील आपण संपलो, असं त्याचं म्हणणं होतं. तिथे तो मटणाचा रस्सा प्याला, वर थंडगार पाणी आणि सरबत. त्याला दिवसभरात पाणीसुद्धा मोजून द्यायचं असायचं. हौसा बायकांच्या घोळक्यातून त्याला खुणा करत राहिली. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

पुढच्या पाळीला तो उठला तेव्हाच त्याला धाप लागत होती. तोंड सुजलं होतं. हौसाने नेहमीपेक्षा लवकर गाडी काढली. शेलार सोडून नदीनाक्याशी पोचली तोच मागून फट्ट आवाज झाला आणि गाडी एका बाजूला ओढू लागली. मागचा डावा टायर गेला होता. तिने गाडी जेमतेम रस्त्याच्या कडेला घेतली, नेमकी चहाच्या हॉटेलासमोर. तिथे बाकड्यांवर सगळी गावचीच माणसं बसलेली.

ती उतरली, डिकी उघडली, पाना घेतला. दौलत आत असतानाही नट तर ढिले करता येतात, म्हणून तिने वेळ घालवला नाही. दांड्यावर पाय देऊन तिने सगळे नट सोडवले. मग स्टूल काढून ती त्याच्या दाराशी गेली. त्याने काच खाली केली.

"उतरा," ती म्हणाली. "जॅक लावते. लगेच निघू."

"पाना ठेव, हौसा."

"अवो, तुमाला धाप लागलीय."

"प्रितेशला फोन लाव. तो येईल."

प्रितेशने दहा मिनिटांत येतो म्हणून सांगितलं. तो लांब, अंबाडीला होता, हे त्याने सांगितलं नाही. दौलतने काच वर केली.

हॉटेलातली दोघं-तिघं जवळ आली. एक टेम्पोवाला थांबला आणि म्हणाला, चाचा, उतरो, मैं बदल देता हूँ. दौलतने हातानेच त्याला पुढे घालवलं. आमचा पोरगा येतोय, असं तो बोटभर काच खाली करून प्रत्येकाला सांगत होता. हौसाने रिक्षा थांबवली. गाडी इथेच राहू दे, आपण रिक्षाने जाऊ, असं तिने काचेवर वाकून सांगितलं. त्याने मान वळवली नाही. रिक्षावाला थोडा वेळ थांबून निघून गेला.

मग ती पुन्हा दार उघडून आत वाकली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, की मी हातात पाना धरत नाही, तो टेम्पोवाला बदलेल, तुम्ही फक्त उतरा. तेव्हा त्याने खरं काय ते सांगितलं.

"चार मानसांनी मना उचलून खाली ठेवायचा, आनी यांनी चा पीत बघायचा? त्या परीस मेलेला बरा."

हौसा बाजूला झाली. ती पान्याशेजारी, डिकीच्या कडेला बसून राहिली. जॅक जमिनीवर पडला होता, चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते. तिच्या मनात आलं की याचं काही ऐकू नये, सरळ लोकांना हाक मारावी, धरून उतरवावं, ओरडू दे काय ओरडायचं ते. ती उठलीही. पण चाळीस वर्षं ज्याच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नाही त्याच्या अंगाला चारचौघांत हात कसा घालायचा, ते तिला उमगलं नाही. ती परत बसली.

प्रितेश आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. प्रितेशने आणि हॉटेलातल्या दोघांनी दौलतला धरून उतरवलंच शेवटी. तोवर त्याच्यात नको म्हणायचीही ताकद उरली नव्हती. ढिले केलेले नट प्रितेशने बोटांनी काढले, टायर बदलला आणि हात झटकत म्हणाला, झालं बघा, पाच मिनिटांचं काम. सेंटरमधली पाळी गेली होती. फोनवर नर्सने सांगितलं, त्रास वाढत असेल तर घरी थांबू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या. हौसाने ते प्रितेशला सांगितलं. दौलत म्हणाला, मी दमलो, घरी चल, उद्या जाऊ. प्रितेशने काकाचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्याला न्यायला निघाले. प्रितेश चालवत होता. कशेळीच्या अलीकडे दौलत गेला.

गावात पहिल्याच दिवशी बोललं गेलं, की बाईच्या हाती गाडी दिल्यावर दुसरं काय होणार. टायर फोडला आणि नवऱ्याला उन्हात बसवून ठेवलं. प्रितेश नसता तर रस्त्यावरच गेला असता. प्रितेशने यातलं काही खोडून काढलं नाही. दारात बसलेल्या माणसांना तो सांगायचा, मी अंबाडीवरून उडत आलो, पण उशीर झाला होता.

दिवस-कार्य आटोपल्यावर हौसाने देवेशला बोलावून सगळं सांगितलं. नट, रिक्षा, टेम्पोवाला, दौलतचे शब्द. देवेशची बायको मृणाली बाजूलाच होती. तिने मान खाली घातली. देवेश म्हणाला, "आई, बाबा आता न्हायत. त्यांच्याबद्दल असं नको बोलूस." निघताना त्याने खुंटीवरची किल्ली घेतली. म्हणाला, तुला आता गाडी कशाला लागते, प्रितेश वापरेल, दारात उभी राहून खराब होण्यापेक्षा बरं.

त्यानंतर गाडी प्रितेशच्या दारात उभी राहू लागली. हौसाला ओट्यावरून ती दिसायची. ती बाजाराला शेअर रिक्षाने जाऊ लागली. एकदा अंजूरफाट्याला रईसभाई भेटला. त्याने दौलतची विचारपूस केली, तेव्हा तिला सांगावं लागलं. तो हळहळला. मग त्याने विचारलं, गाड़ी कौन देखता है अब? ती शेअर रिक्षात जाऊन बसली.

दौलतचं वर्षश्राद्ध प्रितेशने पुढे होऊन केलं. मांडव घातला, भावकी जेवायला बोलावली. जेवताना काळूराम म्हणून गावातले एक म्हातारे मोठ्याने म्हणाले, दौलतचं नशीब चांगलं, पुतण्या पोरासारखा धावला, त्या दिवशीही टायर त्यानेच बदलला. पंगतीने माना डोलावल्या. प्रितेश हात जोडून हसला.

हौसा भाताचं पातेलं घेऊन पंगतीत वाढत होती. ती तिथेच थांबली.

"नट मी सोडवले व्हते," ती म्हणाली. "जॅक बी काढला व्हता. ते खाली उतरले न्हायत. तुमी सगळे बघत व्हता, म्हनून उतरले न्हायत."

कुणी हात हलवेना. प्रितेशची बायको रुचिका घाईने पुढे आली आणि तिने हौसाच्या हातातलं पातेलं घ्यायला बघितलं. हौसाने ते सोडलं नाही. देवेश पंगतीच्या टोकाशी उभा होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आई, वाढ. लोकं खोळंबलीत." ती पुढच्या पानाकडे सरकली आणि वाढत राहिली.

त्या दिवसापासून भावकीत बोललं जातं, की नवरा गेल्यावर हौसाच्या डोक्यावर परिणाम झाला. हळदीचं बोलावणं तिच्या दारात येतं ते उंबऱ्याबाहेरूनच येतं. सणाला देवेश येतो, दुपारी जेवतो आणि संध्याकाळच्या आत निघतो. काळूराम रस्त्यात दिसले की तोंड फिरवतात. शेजारची काशी एकदा तिला समजवायला आली, म्हणाली, रागाच्या भरात बोलले एवढं म्हण आणि मिटवून टाक, माणसांत तर राहायचंय. हौसाने तिला चहा दिला, बसवलं, आणि सांगितलं की मी रागात बोलले नव्हते.

ते बोलणं तिने आजवर मागे घेतलेलं नाही.